नावाड्याचे डोळे

शनिवारी दुपारी चारला रेडिओवर ‘पडद्याबाहेर’ लागायचं. नवा सिनेमा आला की लोकांनी फोन करायचा आणि मनात येईल ते बोलायचं, एवढाच तो कार्यक्रम. पण निवेदक असा होता की सिनेमाला न जाणारेही चारला कामं बाजूला ठेवून ऐकत बसायचे. कुणी फार शहाणपणा केला की तो गोड बोलून त्याला जमिनीवर आणायचा. कुणी अडखळलं की त्याचंच वाक्य नीट घडी घालून त्याच्या हातात परत द्यायचा.

त्याला दिसत नाही हे बहुतेक श्रोत्यांना माहीत होतं. त्याने ते लपवलं नव्हतं आणि मिरवलंही नव्हतं. “काल सिनेमा पाहिला,” असंच तो म्हणायचा. पडद्यावरचं बायको कानात सांगायची, बाकीचं तो स्वतः ऐकायचा.

त्या आठवड्यात ‘नऊ नद्यांचा देश’ आला होता. मूळ कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची, तीन जाडजूड खंडांची. घरोघरी कपाटात असते. पहिला खंड सगळ्यांनी वाचलेला असतो, दुसरा पुष्कळांनी सुरू केलेला असतो आणि तिसऱ्याच्या पानांना अजून कोरेपणाचा वास येतो. राज्य गेलेली एक राजकन्या नऊ नद्या ओलांडून आपल्या देशात परत जाते, अशी गोष्ट. प्रत्येक नदीवर काहीतरी अद्भुत. एकीतले मासे बोलतात, एकीचं पाणी उलटं वाहतं, एकीवर फक्त स्वप्नातच पूल असतो. आणि नवव्या नदीवर एक आंधळा नावाडी.

निवेदकाला ती जवळजवळ तोंडपाठ होती. अकराव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले. शाळा सुटली, खेळगडी एकेक करून यायचे थांबले, आणि उरली चार वर्षांनी मोठी बहीण. ताई शाळेतून आली की दप्तर भिरकावून त्याच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि वाचायला लागायची. तिन्ही खंड तिने वाचून दाखवले. त्यातला नावाडी त्याचा जिवलग झाला. नदीतली चेटकीण नावाड्याला म्हणते, राजकन्या कुठे लपलीय ते सांग, मी तुला डोळे देते. नावाडी म्हणतो, “मला दिसतं तेवढं पुरे आहे.” मग तो राजकन्येला पार सोडतो आणि पलीकडच्या काठावर झोपडी बांधून म्हातारा होईपर्यंत कोंबड्या पाळतो.

ते वाक्य निवेदकाने आयुष्यभर वापरलं. नोकरीच्या मुलाखतीत वापरलं, बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा वापरलं, रेडिओवर तर कितीदा वापरलं त्याला गणती नाही. पुढे फोन कुठलंही पुस्तक घडाघडा वाचून दाखवायला लागला, पण ही कादंबरी त्याने फोनकडून कधी ऐकली नाही. ताईच्या आवाजातली गोष्ट यंत्राच्या तोंडून ऐकायची म्हणजे आईच्या हातचं जेवण वाळवून, दळून, पाण्यात कालवून पिण्यासारखं, असं तो म्हणायचा.

शुक्रवारी तो बायकोबरोबर सिनेमाला गेला. आठ नद्या मजेत पार पडल्या. बायको कुजबुजत होती, “आता पाणी वर चढतंय, डोंगरावर, तिचे केसही वर उडतायत.” तो लहान मुलासारखा हसत होता. नववी नदी आली आणि बायकोची कुजबुज थांबली.

“काय चाललंय?”

“थांब जरा,” ती म्हणाली.

त्याला नावाड्याचा आवाज ऐकू आला. “ती नावेच्या तळाशी आहे. फळ्यांखाली.” मग घोड्यांच्या टापा, एक किंकाळी, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज. आणि मग नावाडी हसायला लागला. “दिसतंय! मला दिसतंय!” हसता हसता त्याचं रडणं झालं. आजूबाजूला लोक नाकं पुसत होते. निवेदकाच्या मुठी आवळल्या होत्या.

बाहेर पडून गाडीत बसल्यावर त्याचा बांध फुटला. “नावाड्याला फितूर केला त्यांनी! शंभर वर्षं लोकांनी जपलेला माणूस! आंधळा म्हटलं की एक तर बिचारा, नाहीतर बेईमान. तिसरं काही सुचतच नाही यांना.”

“सिनेमा आहे. सोडून दे ना.”

“उद्या बघच कसा सोडतो ते. एकेकाची सालटी काढतो.”

बायको पर्समध्ये बराच वेळ किल्ली शोधत राहिली. “उद्या ह्याच्यावर नको बोलूस,” ती म्हणाली. “दुसरं पुष्कळ आहे बोलायला. ते मासे किती छान केले होते.”

“तुला राग नाही आला?”

“मला भूक लागलीय,” ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

शनिवारी चारला तो स्टुडिओत माइकसमोर बसला. काचेपलीकडे कार्यक्रमाची निर्माती होती. तिचा आवाज त्याच्या डाव्या कानात यायचा, श्रोत्यांचा उजव्या. पहिला फोन टॅक्सीवाल्याचा. “साहेब, तीन तास! मध्ये दोन भाडी झाली असती माझी. पण माशांनी पैसे वसूल केले.” दुसरा एका दंतवैद्यांचा. सातव्या नदीतल्या मगरीचे दात वरचे खाली आणि खालचे वर बसवलेत, अशी त्यांची तक्रार होती. “डॉक्टर, मगरीने तुमच्याकडे यायला हवं होतं,” निवेदक म्हणाला. काचेपलीकडे हसल्याचं त्याला जाणवलं.

मग त्याने गळा साफ केला आणि मनातलं बोलायला सुरुवात केली. नावाड्याबद्दल तो इतकं सुंदर बोलला की निर्मातीने जाहिरात पुढे ढकलली. लहानपणीचा पलंग, ताईचा आवाज, काठावरच्या कोंबड्या, सगळं आलं. “ज्यांनी ही कादंबरी पडद्यावर आणली,” तो शेवटी म्हणाला, “त्यांनी ती वाचली तरी होती का, एवढंच मला विचारायचंय.”

पुढचा फोन एका तरुणाचा होता. तो फार अदबीने बोलत होता. “सर, रागावू नका. पण कादंबरीत नावाडी फितूरच होतो ना?”

“कुठल्या कादंबरीत, मित्रा?”

“ह्याच. तिसऱ्या खंडात.”

“तिसरा खंड कपाटातून काढून बघा, म्हणजे कळेल,” निवेदक म्हणाला. पुढच्या बाईंनीही तेच सांगितलं. त्यांच्यामागचा माणूस म्हणाला, “सिनेमा अगदी हुबेहूब आहे हो, निवेदकसाहेब, तुमचीच काहीतरी गल्लत होतेय.” निवेदक अजून हसत होता, पण हसण्याला आता आधार राहिला नव्हता.

मग एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा फोन आला. “पुस्तक माझ्या मांडीवर आहे,” त्या म्हणाल्या. “वाचू का?”

डाव्या कानात निर्माती म्हणाली, “सर, गाणं लावते.”

“वाचा बाई,” निवेदक म्हणाला.

मुख्याध्यापिकांनी वर्गात वाचावं तसं ठसठशीत वाचलं. “‘नावाड्याने वल्ही आत घेतली. तो म्हणाला, ती नावेच्या तळाशी आहे, फळ्यांखाली. आता माझं मला दे. आणि चेटकिणीने शब्द पाळला. त्याला पहिल्यांदा दिसलं ते पाणी, आणि पाण्यावर तरंगणारी एक ओढणी.’ पुढे वाचू?”

रेडिओवर शांतता म्हणजे घरात धूर. लोक दचकून उठतात. डाव्या कानात निर्माती म्हणत होती, “बोला सर, काहीतरी बोला.”

“पुढे वाचा,” तो म्हणाला.

त्यांनी प्रकरण संपेपर्यंत वाचलं. झोपडी नव्हती. कोंबड्या नव्हत्या. नावाडी पाण्यात चालत जातो आणि नदी त्यालाही घेत नाही, काठावर आणून टाकते. निवेदकाने बाईंचे आभार मानले, गाणं लावायला सांगितलं आणि कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

निर्माती पाणी घेऊन आत आली. “होतं असं, सर.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी पहिल्या खंडातच झोपले होते,” ती म्हणाली. निदान ती खरं बोलत होती.

घरी पोचेपर्यंत कार्यक्रमातला तो तुकडा सगळीकडे पसरला होता. लोकांना सिनेमापेक्षा आता निवेदकाबद्दल मतं होती. टॅक्सीत बसल्या बसल्या फोनने त्याला ती वाचून दाखवली. ‘सिनेमा राहू द्या, ह्यांनी स्वतःच कादंबरी वाचलेली नाही.’ ‘आंधळ्याने आंधळ्याला परस्पर माफ केलं.’ ‘मला तर त्यांचाच शेवट आवडला, बिचारे.’ त्या ‘बिचारे’वर त्याने फोन बंद केला.

बायको दारातच उभी होती. तिने रेडिओ ऐकला होता. तिच्या श्वासावरूनच त्याला समजलं.

“तू तिसरा खंड वाचलायस?” त्याने विचारलं.

“हो.”

“कधी?”

“कॉलेजात असताना.”

तो जोडे न काढताच खुर्चीवर बसला. “म्हणजे आपण पहिल्यांदा भेटलो, मी ते वाक्य म्हटलं, तेव्हा तुला माहीत होतं.”

“मला वाटलं, तू तुझ्या मनाने बदलून सांगतोयस. मला आवडलं होतं ते. लग्नानंतर कळलं की तुला ते खरंच वाटतं. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे, आता कशाला.”

“आणि काल? काल रात्री तुला माहीत होतं, मी आज माइकसमोर काय बोलणार आहे.”

“मी म्हटलं होतं, बोलू नकोस.”

“तू म्हणालीस, मला भूक लागलीय!”

ती म्हणाली, “हिंमत झाली नाही रे. तोंडापर्यंत आलं होतं.”

“लोक म्हणतात ना, डोळे मिटून विश्वास ठेवला,” तो म्हणाला. “मला तर मिटायचेही कष्ट पडले नाहीत. मी दळत बसलो आणि तुम्ही दोघी पीठ कुठे जातंय ते बघत बसलात.”

संध्याकाळी ताई आली. तिचं औषधाचं दुकान होतं. गल्ल्यामागच्या फळीवर तिचा रेडिओ असायचा आणि शनिवारी चारला ती गिऱ्हाइकालाही थांबवून ठेवायची. आज तिने दुकान मध्येच बंद केलं होतं. ती येऊन त्याच्यासमोर बसली, तेव्हा तिच्या कपड्यांना नेहमीचा औषधांचा वास होता.

“बाळ्या,” ती म्हणाली.

“किती बदललंस?”

“तेवढंच.”

“खरं सांग. आता मी फोनकडून ऐकून पडताळून बघू शकतो.”

“आणखी दोन-तीन ठिकाणी. राजकन्येची आई मरते ते गाळलं. चौथ्या नदीवरचा तो लंगडा शिपाई... त्याचंही वाईट होतं.”

“का?”

“तू तेव्हा जेवत नव्हतास. भिंतीकडे तोंड करून पडायचास. फक्त गोष्टीसाठी वळायचास. नावाडी आंधळा आहे हे कळल्यापासून रोज विचारायचास, आज येईल का नावाडी, आज येईल का. मी रात्री पुढचं वाचून ठेवायचे. एका रात्री ते पान आलं. काय वाचून दाखवू तुला?”

“लिहिलं होतं ते.”

“मी पंधरा वर्षांची होते रे.”

“पंधरा वर्षांच्या पोरीला मी केव्हाच माफ केलं असतं,” तो म्हणाला. “पण डॉक्टरांकडे तू पंधरा वर्षांची नव्हतीस.”

आत स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला.

तो सत्तावीस वर्षांचा असताना एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून बघता येईल. खात्री नाही. झालंच तर उजेड-सावली, माणसांचे आकार. नाहीतर काहीच नाही. ताई शेजारच्या खुर्चीवर होती. त्याने विचार केला होता, रात्रभर केला होता, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाला होता, मला दिसतं तेवढं पुरे आहे. डॉक्टर ‘वा’ म्हणाले होते. ताईने त्याचा हात दाबला होता.

“मला वाटलं, तुला माझा अभिमान वाटला,” तो म्हणाला.

“वाटलाच होता.”

“ते वाक्य कुणाचं होतं, ताई?”

“मला वाटलं, तुला ऑपरेशनची भीती वाटतेय,” ताई म्हणाली. “आणि तुला नाही म्हणायला एक चांगलं कारण सापडलंय. ते मी कशाला काढून घेऊ?”

“मला वाटत होतं, शंभर वर्षांपूर्वी कुणा मोठ्या माणसाने पुष्कळ जगून, विचार करून ते लिहिलंय. त्याच्यावर भार टाकून मी नाही म्हटलं. आणि ते होतं शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीने पलंगावर बसून जुळवलेलं. त्या दिवशी तू एवढंच म्हणाली असतीस ना, की अरे, ते माझं आहे, तरी मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते माझं मी म्हटलं असतं.”

ताई रडायला लागली. लहानपणी ती रडली की तो चाचपडत तिच्याकडे सरकायचा. आज तो खुर्चीत तसाच बसून राहिला. ती जाताना म्हणाली, “येते रे.” त्याने मान हलवली की नाही, हे बायकोलाही सांगता आलं नसतं.

पुढचा आठवडाभर त्याने फोनकडून तिन्ही खंड ऐकले. यंत्र सगळं एकाच सुरात वाचत होतं, किंकाळीही आणि माशांचे विनोदही. ताई म्हणाली होती दोन-तीन ठिकाणी. ती ठिकाणं पुष्कळ निघाली. जिथे कुणी एकटं पडत होतं तिथे तिने कुणीतरी सोबतीला दिलं होतं. मासे जो विनोद सांगतात, ज्यावर तो लहानपणी पोट धरून हसला होता, तो पुस्तकात नव्हताच. आणि खरी कादंबरी चांगली होती, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. ताईच्या कादंबरीपेक्षा कितीतरी मोठी, कितीतरी निष्ठुर. ती त्याच्यापासून एवढी वर्षं कुणीतरी लपवून ठेवली होती.

शनिवारी त्याने कार्यक्रम नेहमीसारखा सुरू केला. सिनेमा करणाऱ्यांची माफी मागितली, आडवळण न घेता. “मी चुकीचं बोललो. कादंबरी त्यांनी वाचली होती, मी वाचली नव्हती.” लोकांनी फोनवरून त्याची इतकी समजूत काढली, इतकं जपून बोलले, की त्याला गुदमरल्यासारखं झालं. दंतवैद्य तेवढे पुन्हा मगरीवरून भांडले. त्यांच्यावर त्याचा फार जीव जडला.

त्यानंतरच्या सोमवारी बायकोला घेऊन तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. जुने डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, जुने कागद काढून निवांत वाचले.

“आता काही करण्यासारखं नाही,” त्या म्हणाल्या. “नस पूर्ण सुकलीय.”

“आणि तेव्हा?”

“खरं सांगू? तेव्हाही नव्हतं. ह्या कागदांवरून तरी मी ऑपरेशन सुचवलं नसतं. काहीच मिळालं नसतं तुम्हाला. उलट दुखणं वाढलं असतं.”

“नक्की?”

“नक्की.”

जिन्यात बायकोने त्याच्या दंडाला धरलं. ती रडत होती, पण हलकी होऊन. “ऐकलंस ना? तुझं काहीच गेलं नाही.” त्याने मान डोलावली. आपल्यालाही हलकं वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. तसं काही झालं नाही.

रविवारी ताई आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तिने बिस्किटांचा पुडा आणला होता आणि तो हातातच धरून बसली होती, त्याच्या कागदाची चुरचुर ऐकू येत होती. ती फार हळू बोलत होती, जणू घरात कुणी आजारी आहे. बायकोने चहा आणला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग ताईने विचारलं, “डॉक्टरांकडे गेला होतात म्हणे.”

“हो.”

“काय म्हणाले?”

बायकोचा कप बशीवर टेकला. तो तिच्या दिशेने वळला नाही.

“सांगता येत नाही म्हणाले,” निवेदक म्हणाला. “तेव्हा केलं असतं तर कदाचित आलंही असतं थोडंफार. आता काय सांगणार.”

बिस्किटांच्या पुड्याचा आवाज थांबला. बायको काहीतरी बोलेल, आत्ता बोलेल, म्हणून तो कान देऊन बसला होता. ती बोलली नाही. ताईने अर्धा चहा तसाच टाकला, दुकान उघडायचंय म्हणाली आणि उठली. रविवारी तिचं दुकान बंद असायचं.

दार लागल्यावर बायको म्हणाली, “हे काय केलंस तू?”

“तू का नाही बोललीस?”

“तुझी बहीण आहे ती. तू सांगायचं. कधी सांगणार आहेस?”

“सांगेन.”

“कधी?”

खाली ताईची स्कूटर चालू होत नव्हती. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. इंजिन घरघरायचं आणि विझायचं. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. ती तिथेच उभी असावी. तो उठून खिडकीपाशी गेला, गजांना धरून उभा राहिला. पहिल्या मजल्यावरून साधी हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. मग स्कूटर चालू झाली. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत तो तिचा आवाज ऐकत राहिला.